चार चाकांचे सारथ्य

जबलपूर म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, आणि त्यापुढे सहसा काही आठवत नाही. इतिहासाची गोडी असलेल्या एखाद्याला कदाचित हेही स्मरेल की १८१७ पर्यंत या गावावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती लष्करात नोकरी केलेल्या माणसाला विचारली तर तो चटकन सांगतो. ती ओळख म्हणजे ‘जोंगा’. हे नाव ऐकून एखाद्या आफ्रिकी श्वापदाची आठवण व्हावी. मी तरी लहानपणी तसेच समजत असे. प्रत्यक्षात ते जबलपूर, आयुधनिर्मिती आणि तोफगाडी कारखाना यांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरे जुळवून केलेले एका मोटारीचे नाव आहे. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. सैन्याची वाहने बांधणारा स्वतंत्र कारखाना १९६९ सालचा. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पेट्रोल’ नावाच्या गाडीचा आराखडा घेऊन येथे सैन्यासाठी जोंगा बांधली जाऊ लागली आणि १९९९ पर्यंत ती बांधली गेली. सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन, पुढे आणि मागे पोलादी पाट्यांच्या कमानी, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद देण्याची सोय असा तिचा थाट होता. सैन्याने लिलावात काढलेल्या अशा गाड्या हौशी लोक अजून सांभाळून आहेत. २०१९ साली क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी एक जोंगा घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली आणि नव्या पिढीला हे नाव कळले.

श्रोतेहो, मी यंत्रशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. साहित्याची पदवी घेऊन सरकारी नोकरीत शिरलो आणि दौऱ्यांच्या निमित्ताने खडबडीत रस्त्यांशी संबंध आला. अशा गाड्यांविषयी मला जे थोडेफार कळते, ते एका निवृत्त लष्करी चालकाच्या कृपेने. आम्ही सारे त्यांना हवालदारसाहेब म्हणत असू. आयुष्याची वीस-बावीस वर्षे त्यांनी शक्तिमान ट्रक आणि जोंगा यांवर काढलेली होती, आणि निवृत्तीनंतर ते आमच्याकडे कंत्राटी चालक म्हणून आले होते. माझ्या एका स्नेह्याकडे लिलावात घेतलेली जुनी जोंगा होती. तिच्यावर त्यांनी मला रविवारी-रविवारी धडे दिले. त्या धड्यांतले आज थोडे सांगावे असे वाटते, कारण आज अशा उंच गाड्या हा हौशी लोकांचा किंवा सैन्याचा विषय राहिलेला नाही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता या घाटाच्या असतात. ज्याच्या वडिलांनी स्कूटरवर आयुष्य काढले तो आज जमिनीपासून हातभर उंच आसनावर बसून रस्त्याकडे पाहतो, आणि उंचावरून पाहणाऱ्याला सगळेच थोडे सोपे दिसू लागते.

पहिली गोष्ट अशी की उंच गाडी आणि चार चाकांनी ओढणारी गाडी या दोन निराळ्या वस्तू आहेत. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य उंच गाड्यांची दोनच चाके ओढतात, बहुधा पुढची. मागची दोन नुसती फिरत येतात. विकत घेणाऱ्यांपैकी कित्येकांना हे ठाऊक नसते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे तिच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. चिखलात उतरण्यापूर्वी ती चाळायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट समजावून घ्यायला गाडीच्या पोटात थोडे डोकवावे लागते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक लांबचा फेरा घेते आणि आतले चाक जवळचा. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर एकाला घसटावे लागले असते. म्हणून मध्ये दंतचक्रांची एक पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देते, पण या उदारपणाची एक किंमत आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटते. एक चाक चिखलात असेल आणि ते अगदी थोड्या जोराने गरगरू लागत असेल, तर कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. एक चाक भोवऱ्यासारखे फिरते, दुसरे ढिम्म राहते आणि गाडी जागची हलत नाही.

चार चाकांच्या गाडीत अशा दोन पेट्या असतात, एक पुढे आणि एक मागे. जुन्या पद्धतीच्या गाडीत मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडी असते. ती ओढली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी जखडले जातात. आता मागची चाके चिखलात फिरू लागली तरी पुढची ओढतात. तरीही पुढचे एक आणि मागचे एक, अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांवरची दोन चाके अधांतरी झाली, तर चार चाकांची म्हणून मिरवणारी गाडी तशीच गरगरत उभी राहते. खड्ड्यांच्या वाटेने तिरके जाताना हे हमखास घडते. पुष्कळ नव्या गाड्यांत गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून त्यावर तोड काढलेली असते. जुन्या गाडीत मात्र खाली उतरावे आणि फावडे घ्यावे.

ही आखूड दांडी डांबरी रस्त्यावर ओढून ठेवायची नसते, हे मला कळले ते फजिती होऊन. एका रविवारी शेतातल्या कच्च्या वाटेने फिरून आम्ही परतलो आणि मी ती दांडी पूर्ववत करायला विसरलो. हवालदारसाहेबांच्या ते ध्यानात आले होते. ते मुद्दाम गप्प बसले होते, हे त्यांनी मागाहून कबूल केले. सरळ रस्त्यावर काही जाणवले नाही. छावणीच्या भागातल्या एका चौकात मी गाडी वळवू लागलो, तर चक्र दगडासारखे जड झाले, टायर चीं चीं करू लागले आणि गाडी जणू कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळली. दांडी मागे घ्यावी म्हटले तर तीही हलेना. कारण सोपे आहे. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात. दोन्ही आस जखडलेले असल्यामुळे हा फरक कुठेतरी जिरला पाहिजे. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरतात आणि तो जिरतो. कोरड्या डांबरावर चाके घसरत नाहीत, मग पोलादाला पीळ पडतो. हवालदारसाहेबांनी मला चक्र सरळ करून गाडी चार हात मागे घ्यायला लावली. खट् असा आवाज झाला, पीळ सुटला आणि दांडी सहज परत आली. कारखान्यातून सदासर्वकाळ चारही चाकांवर चालण्यासाठी बांधलेल्या गाड्या वेगळ्या. त्यांत हा फरक जिरवायला मधोमध आणखी एक योजना असते.

याहून मोठा गैरसमज थांबण्याविषयी आहे, आणि माणसे जिवाला मुकतात ती त्यामुळे. चार चाकांना ताकद मिळते ती पुढे जाण्यासाठी. थांबण्यासाठी तिचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. तोच रस्ता पावसाने निसरडा झाला की ३५ मीटर लागतात. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जो दीड सेकंद जातो, त्यात आणखी २५ मीटर मागे पडतात ते वेगळेच. वेग दुप्पट केला तर ब्रेकचे अंतर चौपट होते. या हिशेबात गाडीला किती चाके ओढतात हा प्रश्न कुठेच येत नाही. उलट साध्या मोटारीत ओल्या रस्त्यावर निघताना चाक जरा घसरते आणि चालकाला इशारा मिळतो. चार चाकांची गाडी ओल्या रस्त्यावरही तक्रार न करता वेग घेते. चालकाला वाटते, पकड उत्तम आहे. ती नाही हे त्याला पहिल्या वळणावर कळते.

वळणावर दुसरे संकट उभे असते, ते उंचीचे. भरलेली बैलगाडी पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. खाली धान्याची पोती भरलेली गाडी वाटेतल्या धोंड्यावरून झुलत जाते. कडब्याने शिगोशीग भरलेली गाडी त्याच धोंड्यावर कलंडते. चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची, या दोहोंचे प्रमाण जितके मोठे तितकी गाडी स्थिर. साध्या ठेंगण्या मोटारीत ते सुखावह असते, जुन्या जीपसारख्या गाडीत बेताचे असते. आणि आपण काय करतो? सहकुटुंब नर्मदामाईच्या दर्शनाला निघताना बिछाने, पेट्या आणि पाण्याचे पिंप टपावर बांधतो. शक्यतो जड सामान आत, खाली, आसनांच्या मागे ठेवावे.

गाडी कलंडण्याचा आमच्या भागातला नेहमीचा प्रकार मात्र वळणावर घडत नाही. अरुंद डांबरी रस्त्यावर समोरून ट्रक येतो, डावी चाके साइडपट्टीवर उतरतात. पावसाने ती धुपलेली असते. डांबराची कड वीतभर उंच झालेली असते. घाबरून चालक चक्र एकदम उजवीकडे ओढतो. टायर त्या कडेला घासत राहतो, मग अचानक वर चढतो, आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडे झेपावते किंवा आडवी होते. अशा वेळी चक्र सरळ धरावे, पाय हलका करून वेग उतरू द्यावा आणि कड उथळ दिसेल तिथे सावकाश वर यावे. साइडपट्टीवर थोडा वेळ धावल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्याच संदर्भात हवालदारसाहेबांची एक बारीक सूचना होती, ती म्हणजे खडकाळ वाटेवर अंगठे चक्राच्या आत अडकवू नयेत. जोंगाला पॉवर स्टिअरिंग नव्हते. चाक धोंड्यावर आपटले की चक्र उलटे फिरे आणि आडव्या दांड्याचा फटका अंगठ्यावर बसे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचे पेर त्याची साक्ष देत होते.

आता जमिनीविषयी. जबलपूरच्या पश्चिमेला आणि उत्तरेला ‘हवेली’ नावाचा मुलूख आहे. येथील शेतकरी पूर्वापार शेतांना उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवीत आणि पावसाळा सरत आला की ते सोडून देऊन त्या ओलीवर गहू पेरीत. काळी, भारी जमीन. आपल्या वऱ्हाडातल्या मातीची सख्खी बहीण. या मातीत पाणी शिरले की ती फुगते, टायरच्या नक्षीत भरून बसते, आणि चार फेऱ्यांत नवा कोरा टायर तुळतुळीत गोटा होतो. मग ताकद चार चाकांना द्या की चौदा चाकांना द्या. अशा वाटेवर चार चाकांची दांडी ओढायची ती चिखलात शिरण्यापूर्वी. फसल्यावर ओढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. वेग मंद, एकसारखा. मध्ये गिअर बदलायचा नाही. चाके गरगरू लागली की पाय वाढवायचा नाही, काढायचा. गरगरणारे चाक स्वतःसाठी खड्डा खणत असते. नर्मदेच्या वाळूत युक्ती निराळी आहे. टायरमधली हवा पस्तीस पौंडांवरून वीसपर्यंत उतरवली की टायर पसरतो, गाडीचे ओझे अधिक जागेवर वाटले जाते आणि ती वाळूत रुतत नाही. मात्र पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

चढउतारांबद्दल थोडक्यात सांगतो. तीव्र उतारावर सर्वांत खालचा गिअर टाकावा आणि गाडीला इंजिनाच्या धाकात उतरू द्यावे. क्लच दाबून गाडी मोकळी सोडणे म्हणजे लगाम टाकून देणे. चढावर इंजिन बंद पडले तर गाडी आडवी वळवून परतण्याचा मोह होतो. तो आवरावा. मागचा गिअर टाकून, आलो तसेच सरळ मागे यावे. डोंगराच्या उतारावर आडवी उभी असलेली गाडी म्हणजे वर सांगितलेली कडब्याची बैलगाडी.

राहिले पाणी. आपल्याकडे ज्याला फरशी किंवा फरशी पूल म्हणतात, त्याला इकडे रपटा म्हणतात. नाल्यावर बांधलेला ठेंगणा, बिनकठड्याचा पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून वाहते. जबलपूर, मंडला, दिंडोरी या भागांत असे रपटे पुष्कळ. दरवर्षी त्यांवरून कोणाची ना कोणाची गाडी वाहून जाते, आणि त्यांत उंच, दणकट गाड्याही असतात. हे कसे होते, याचा हिशेब कठीण नाही. चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीचा तळ सुमारे सात चौरस मीटरांचा असतो. पाणी तळाच्या वर १५ सेंटिमीटर चढले की गाडी एक घनमीटरहून थोडे अधिक पाणी बाजूला सारते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे तेवढ्याच पाण्याने ती गाडी एक टन हलकी होते. गाडीचे वजन पावणेदोन-दोन टनांचे. त्यातले निम्म्याहून अधिक पाण्याने उचलले, तर चाकांच्या पकडीला उरले काय? त्यात वाहते पाणी बाजूने रेटत असते, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणूनच साधारण फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला आणि दोन फूट पाणी बहुतेक कोणत्याही गाडीला वाहून नेण्यास पुरेसे मानतात. गंमत अशी की जुन्या जोंगाचा तळ फटीफटींचा. पाणी आत येई, बसणाऱ्याचे पाय भिजत आणि गाडी जड राही. नव्या गाडीची दारे रबराने घट्ट बसतात, आत थेंब शिरत नाही, आणि म्हणूनच ती लवकर तरंगते.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जायचेच असेल तर आधी काठीने खोली पाहावी, खालच्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने जावे. वेगाने गेल्यास पाणी उसळून इंजिनाच्या श्वासनळीत शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी गेले की पोलादी दांडा वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा हट्ट धरू नये. बाहेर आल्यावर ब्रेक चार-दोन वेळा हलके दाबून सुकवावेत. ओल्या ब्रेकवर पहिले शंभर हात भरवसा नसतो.

हे सारे मला ठाऊक होते, तरीही एका श्रावणात मी चुकलोच असतो. मंडल्याच्या बाजूने परतत होतो. संध्याकाळ झाली होती. सकाळी दहाला बैठक होती आणि तिचे कागद माझ्या मांडीवर होते. वाटेतल्या एका नाल्यावर पाणी रपट्याच्या वरून वाहत होते. फार नव्हे, गुडघ्याच्या जरा खाली असावे. पलीकडच्या तीरावर दोन मोटारसायकलवाले उभे राहून आमच्याकडे पाहत होते. गाडी सरकारी, चार चाकांची, जवळजवळ नवी. मी म्हणालो, “हवालदारसाहेब, चला, होऊन जाईल.” त्यांनी इंजिन बंद केले.

सरकारी गाडीला दोन चालक असतात. एकाच्या हातात चक्र असते आणि दुसऱ्याच्या हातात पहिल्याची नोकरी असते. साहेबांनी ‘चला’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणणारा कंत्राटी चालक विरळा, आणि ‘चला’ म्हणणाऱ्याला आपण नेमके काय म्हणालो हे बहुधा कळलेले नसते. मी जरा चढ्या स्वरात पुन्हा म्हणालो. ते शांतपणे मागे वळले. “साहब, पानी दिख रहा है, ज़मीन नहीं दिख रही,” इतकेच म्हणाले, आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी ती किल्ली घेतली होती, हे आज सांगायला संकोच वाटतो. मी उतरलो, पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. पाणी गढूळ होते आणि त्याखालचा रपटा कुठे सुरू होतो हेही दिसत नव्हते. थोडा वेळ तिथे उभा राहिलो आणि परत येऊन गाडीत बसलो. रात्र आम्ही गाडीतच काढली. पलीकडचे मोटारसायकलवाले केव्हातरी निघून गेले.

पहाटे पाऊस थांबला आणि पाणी उतरले. हवालदारसाहेब काठी घेऊन रपट्यावर पुढे चालत गेले, मी त्यांच्या मागे. मधोमध पोहोचलो तर फरशीचा सात-आठ फूट लांबीचा तुकडा जागेवर नव्हता. खाली नाल्यात तो तिरपा पडलेला दिसत होता. हवालदारसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. मग आम्ही गाडी मागे फिरवली आणि लांबच्या रस्त्याने जबलपूरला आलो. बैठकीला मी पावणेदोन तास उशिरा पोहोचलो.